उद्यानापासून गडापर्यंत

संस्कृत भाषेत ‘उद्यान’ या शब्दाचा मूळ अर्थ बाग असा नाही. ‘उद्’ म्हणजे वर किंवा बाहेर, आणि ‘या’ हा जाणे या अर्थाचा धातू; तेव्हा उद्यान म्हणजे प्रथमतः बाहेर पडणे, घराचा उंबरठा ओलांडून जाणे. असे ज्या ठिकाणी जावयाचे, त्या ठिकाणासही पुढे तेच नाव मिळाले, आणि कालांतराने क्रिया विस्मृतीत जाऊन स्थळ तेवढे शिल्लक राहिले. शब्दांच्या बाबतीत असे नेहमीच घडते व त्याचा शोक करण्याचे कारण नाही. परंतु हल्ली आमच्या सुशिक्षित कुटुंबांच्या वाट्याला उद्याने पुष्कळ आली असून बाहेर पडणे मात्र राहून गेले आहे, अशी स्थिती दिसू लागली आहे. तिचा विचार करणे आम्हास अगत्याचे वाटते.

रविवारची सकाळ घ्या. घरात माणसे सहा असली तर रविवारही सहा असतात. मोठा मुलगा मित्रमंडळींबरोबर पहाटेच कोठल्याशा डोंगरावर गेलेला असतो. सूनबाईंपुढे आठवड्याची साचलेली कामे असतात. नातवंडांची मान हातातील पडद्यावर वाकलेली असते. आजी देवपूजेत आणि आजोबा वर्तमानपत्रात. यात दोष कोणाचाच नाही. जो तो आपापल्या परीने विश्रांतीच घेत असतो. फार तर सायंकाळी सर्व मंडळी मोटारीत बसून एखाद्या उपाहारगृहात जाऊन येतात, आणि त्यासच आपण ‘आज सगळे मिळून बाहेर गेलो होतो’ असे म्हणतो. पूर्वी कार्तिक महिन्यात आवळीभोजनासाठी सारे घर गावाबाहेर आवळ्याच्या झाडाखाली जाऊन बसत असे. त्या दिवशी तान्ह्या मुलापासून काठी टेकीत येणाऱ्या पणजीपर्यंत कोणासही घरी ठेवीत नसत. त्या प्रथेतील धर्माचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी तिच्यातील व्यवहार आजही घेण्यासारखा आहे. तो असा, की ठिकाण इतके जवळ व इतके सोपे निवडावे की कोणालाही मागे ठेवण्याची सबब उरू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगावयाचे तर, कुटुंबाच्या सहलीचे माप ठिकाणाच्या प्रसिद्धीवरून घेऊ नये. घरातील सर्वांत मंद पावलावरून घ्यावे. ते पाऊल आज चार वर्षांच्या मुलाचे असेल, उद्या सत्तरीच्या आजोबांचे असेल. त्या पावलास आज जेवढे झेपते तेथून आरंभ करावा आणि दर खेपेस थोडे पुढे जावे. शाळेत मुळाक्षरांपूर्वी काव्य शिकवीत नाहीत. मग ज्या मुलाने घरापासून शाळेपर्यंतचे अंतरही कधी पायी तोडलेले नाही, त्यास एकदम गडाच्या पायथ्याशी उभे करून ‘चढ’ म्हणणे कितपत योग्य आहे? असे मूल अर्ध्या वाटेत रडते, आई त्यास कडेवर घेते, वडील चिडतात, आणि पुन्हा म्हणून कोणी डोंगराचे नाव काढीत नाही.

यात घाई करण्यास एक कारण आहे. नातू चार वर्षांचा असतो तेव्हा तो आजोबांच्या मागे पडतो. तो बारा वर्षांचा झाला की आजोबा त्याच्या मागे पडतात. दोघांची पावले बरोबरीने पडण्याचा काळ या दोहोंच्या मधला, म्हणजे सात-आठ वर्षांचा काय तो असतो. तो निघून गेला की पैसा खर्चूनही परत आणता येत नाही. म्हणून पुण्या-मुंबईकडील वाचकांस सहज साधतील अशी काही ठिकाणे, पायऱ्या-पायऱ्यांनी, पुढे देत आहोत. अन्य गावांतील वाचकांनी आपापल्या गावच्या बागा व टेकड्या त्या जागी घालून घ्याव्यात.

पहिली पायरी : फुलराणी

पुण्यात सारसबागेशेजारी पेशवे उद्यान आहे. तेथे १९५६ साली ‘फुलराणी’ ही मुलांची छोटी आगगाडी सुरू झाली. पुण्यातील कित्येक घरांत आज आजी-आजोबा झालेली माणसे तिच्यात मूल म्हणून बसलेली आहेत. तेव्हा बालपणीची एखादी जागा नातवंडांस दाखवावयाची तर याहून सोयीची दुसरी सापडणे कठीण.

या गाडीचे शैक्षणिक मूल्य काय, असे कोणी विचारील. तीन-चार वर्षांच्या मुलास रेल्वेची मोठी गाडी म्हणजे कोठून आली व कोठे गेली हे न कळणारे एक प्रचंड प्रकरण असते. फुलराणीचे तसे नाही. तिचा सबंध मार्ग डोळ्यांच्या टप्प्यात असतो. मूल बसते, गाडी वळण घेते, झाडे मागे जातात, आणि पाहता पाहता निघालेली जागाच पुन्हा समोर येते. ‘आजोबा, आपण तर इथेच परत आलो!’ असे आश्चर्याने म्हणणाऱ्या मुलाने वर्तुळ म्हणजे काय ते पाटीवर काढण्यापूर्वीच अनुभविलेले असते. गाडीतून उतरल्यावर त्याच मार्गाच्या कडेने, कुंपणाबाहेरून, मुलास पायी चालवावे. जे अंतर बसून गेलो तेच चालून किती होते, हे त्यास कळले म्हणजे पहिला धडा पुरा झाला.

मोठ्यांसाठीही या जागेत सांगण्यासारखे आहे. आज जेथे सारसबाग आहे तेथे नानासाहेब पेशव्यांच्या वेळचे तळे होते, आणि त्या तळ्यातील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत १७८४ साली गणपतीची स्थापना झाली. तळे पुढे राहिले नाही. तरी जुनी मंडळी अजून ‘तळ्यातला गणपती’ असेच म्हणतात. पाणी गेले आणि नाव राहिले. मुलास देवापुढे नमस्कार करावयास सांगताना, ‘आपण आता उभे आहोत तेथे एके काळी नाव चालत असे’ एवढे एक वाक्य सांगितले तर ते मूल जन्मभर विसरणार नाही.

पूर्वी पेशवे उद्यानात वाघ-सिंहही असत. पुढे ते कात्रजच्या उद्यानात हलविण्यात आले आणि येथे ऊर्जेची माहिती देणारे उद्यान झाले. आपल्या लहानपणीच्या आठवणीवर विसंबून ‘चल, तुला वाघ दाखवितो’ असे वचन मुलास देऊ नये. मुले वचन विसरत नाहीत.

दुसरी पायरी : पर्वती

फुलराणीपासून पर्वतीचा पायथा हाकेच्या अंतरावर आहे. त्याच दिवशी मात्र तेथे जाऊ नये. पुढील रविवार त्यासाठी राखून ठेवावा. पर्वतीला पायऱ्या १०३ आहेत. त्या रुंद व ठेंगण्या असल्याने लहान मुलास आणि गुडघे धरलेल्या माणसासही सोसतात. ज्या मुलास शंभरापर्यंत अंक येतात त्यास या पायऱ्या मोजावयास सांगाव्यात. मोजण्याच्या नादात चढ कळत नाही, आणि शंभरानंतरचे तीन अंक म्हणताना जो आनंद त्याच्या तोंडावर दिसतो तो पाहण्यासारखा असतो. आजी-आजोबांनी पंचवीस-पंचवीस पायऱ्यांवर थांबावे. थांबण्याची लाज बाळगू नये. उलट ‘आता तू पंचविसाचा पाढा म्हण, तोवर मी दम खातो’ असे सांगून थांबण्यासही काम लावून द्यावे.

वर देवदेवेश्वराचे मंदिर आहे. ते नानासाहेबांनी १७४९ च्या सुमारास बांधविले, आणि पानिपतच्या आघातानंतर १७६१ साली याच टेकडीवर त्यांचा देह पडला. एकाच माणसाच्या वैभवाची व दुःखाची जागा एकच असावी, हे मोठ्या मुलांशी बोलण्यासारखे आहे. लहानांना मात्र तटावरून दिसणारे शहर पुरे. खाली आपले घर कोणत्या बाजूस, शाळा कोठे, नदी कोणीकडे, हे त्यांनीच बोटाने दाखवावे. दिशा पुस्तकातून शिकलेल्या मुलास उत्तर नेहमी कागदाच्या वरच्या बाजूस असते. ती खरोखर कोणत्या बाजूस आहे हे उंचावर उभे राहिल्यावाचून कळत नाही.

हवा निवळ असली तर नैर्ऋत्येस सिंहगडाचा माथा दिसतो. तो या पहिल्याच भेटीत मुलास दाखवून ठेवावा. ‘तेथे कधी जायचे?’ असे ते विचारील. ‘तुझे पाय तयार झाले म्हणजे’ असे उत्तर द्यावे. पुढील सर्व पायऱ्यांचे प्रयोजन या एका उत्तरात आहे.

तिसरी पायरी : कात्रजचे तळे

कात्रज येथे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. ते १९९९ साली खुले झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० एकर असून त्यातच कात्रजचे तळे येते. येथे चालणे भरपूर आहे, परंतु चढ फारसा नाही. आणि ज्यांस चालवत नाही अशांसाठी विजेवर चालणाऱ्या गाड्यांची सोय केलेली आहे. सर्व घराने अर्धा दिवस एकत्र काढण्यास ही जागा उत्तम. बुधवारी संग्रहालय बंद असते, हे सुट्टीत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

प्राणी पाहताना घाई करू नये, एवढीच सूचना. वीस पिंजऱ्यांपुढून धावत जाण्यापेक्षा चार ठिकाणी पाव-पाव तास उभे राहावे. वाघ पहिल्या पाच मिनिटांत निजलेलाच दिसतो. पंधराव्या मिनिटाला तो उठतो, जांभई देतो आणि पाण्याकडे जातो. जो थांबला त्यासच हे दिसते. सर्पोद्यानापाशी बायकामुले किंचाळून मागे सरतात. तेथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखावयास शिकावे. आपल्या प्रांतात जन्म काढावयाचा तर ही ओळख उपयोगाची आहे, आणि धामणीसारखा निरुपद्रवी व शेतकऱ्याचा उपकारकर्ता साप भीतीपोटी मारला जातो तेही टळेल.

नंतर तळ्याच्या काठी बसावे. पर्वतीवर ज्यांची गोष्ट सांगितली त्याच नानासाहेबांच्या काळी येथून पुण्यास पाणी नेलेले होते. जमिनीखालून बांधून काढलेल्या नळातून, कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर हे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत जात असे. नळात वारा कोंडू नये व गाळ काढता यावा म्हणून वाटेत उच्छ्वास बांधलेले होते. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुण्यात अजून ऐकू येतात ती त्या व्यवस्थेची आठवण होय. कात्रज उंच व शहर खाली, हे ज्या मुलाने पर्वतीवरून डोळ्यांनी पाहिले आहे, त्यास हा सारा प्रकार समजावून सांगण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.

चौथी पायरी : माथेरान

फुलराणी जेथून निघते तेथेच परत येते. आता मुलास अशा छोट्या गाडीत बसवावे की जी खरोखर कोठे तरी पोहोचते. नेरळहून माथेरानास जाणारी गाडी १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने हे काम अंगावर घेतले व त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ते तडीस नेले. रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, आणि मार्ग सुमारे २१ किलोमीटरांचा. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानके घेत ही गाडी सुमारे आठशे मीटर उंचीच्या माथ्यावर चढते. त्यास अडीच तासांहून अधिक वेळ लागतो.

एवढा वेळ का, हा प्रश्न मुलास आवर्जून विचारावा. सर्वांत कठीण चढ वीस फुटांस एक फूट असा आहे. त्याहून उभ्या रुळांवर गाडीची चाके घसरू लागतील. म्हणून डोंगरास सरळ न भिडता त्याच्या अंगावरून वळसे घेत घेत जावे लागते, आणि रूळ एकमेकांस इतके जवळ आहेत म्हणूनच तशी आखूड वळणे घेता येतात. पायवाट उभी चढते व लवकर पोहोचविते, पण दमविते. रूळ लांबून नेतात व दमवीत नाहीत. बुद्धिमान मुलास यातून गणिताचा एक सबंध धडा मिळतो.

या मार्गाने आपत्तीही पुष्कळ सोसल्या आहेत. २००५ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला आणि दुरुस्त होऊन २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसात पुन्हा मोडला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळपासून माथेरानपर्यंत पूर्ववत झाला. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवतात, आणि अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करणे इष्ट.

माथेरानचा खरा गुण मात्र गाडीत नाही. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी हे ठिकाण इंग्रजांच्या नजरेस आणले. येथील बहुतेक रस्ते तांबड्या मातीचे आहेत. मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापाशी थांबतात. त्यांना पुढे प्रवेश नाही. ज्या गावात मोटारीची भीती नाही अशा गावात लहान मुलाचे बोट सोडून देता येते, आणि बोट सोडलेले मूल किती वेगळे दिसते हे आईवडिलांनी तेथे पाहावे. एरवी पाच मिनिटांत ‘पाय दुखतात’ म्हणणारे पोर झाडांच्या सावलीतून तासभर पुढे-मागे पळत असते. ज्येष्ठांस चालणे जड गेल्यास पूर्वी माणसांनी ओढावयाच्या हातरिक्षा असत. माणसाने माणसास ओढण्याची ही प्रथा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली दिला व त्या जागी विजेवरील रिक्षा आणण्यास सांगितले. आम्हास हा न्याय योग्य वाटतो. आजोबांचा आराम दुसऱ्या कोणा आजोबांच्या धापांवर उभा असू नये.

पाचवी पायरी : कान्हेरी

हा टप्पा विशेषेकरून मुंबईकर वाचकांसाठी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा विस्तार सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या मोठ्या नगरीच्या कुशीत एवढे अरण्य, आणि त्यात बिबट्यांची वस्ती, ही नवलाचीच गोष्ट म्हणावयाची. मुंबईस पाणी देणारी विहार आणि तुळशी ही तळीही याच अरण्यात आहेत. उद्यानाच्या दाराजवळ ‘वनराणी’ नावाची मुलांची गाडी आहे. २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या मार्गाची हानी झाली होती; म्हणून गाडीचे वचन मुलास चौकशी केल्यावरच द्यावे. सोमवारी उद्यान बंद असते.

दारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. तेथवर वाहनाने जावे, कारण खरे चालणे पुढेच आहे. काळ्या फत्तरात खोदलेली शंभरांहून अधिक लेणी डोंगराच्या उतारावर पसरलेली आहेत. त्यांतील सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. कोरलेल्या पायऱ्यांनी एका लेण्याकडून दुसऱ्याकडे जाता येते. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह सर्वांना दाखवावे. त्यापुढे ज्येष्ठांनी सावलीत बसावे आणि मुलांनी वरपर्यंत जाऊन यावे.

संस्कृत व प्राकृत यांच्या अभ्यासकास येथे वेगळाच आनंद आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतील लेख आहेत. कल्याण, सोपारा, नाशिक इत्यादि ठिकाणच्या व्यापाऱ्यांनी व गृहस्थांनी भिक्षूंसाठी दान दिल्याचे ते सांगतात. त्या लेखांतील ‘लेण’ हा शब्द आपण अजून ‘लेणे’ म्हणून वापरतो. पाण्याच्या टाक्यास त्यात ‘पाणियपोढी’ म्हटले आहे. प्रत्येक विहाराच्या अंगणात अशी पोढी खोदलेली असून डोंगरावरील पावसाचे पाणी चरांवाटे तीत उतरते. आमच्या पूर्वजांनी पावसाचा थेंबही वाया दवडला नाही, हे घरात बसून सांगितले तर मुले जांभया देतात. येथे त्या चरावर बोट ठेवून सांगितले तर ती स्वतःच पुढचा चर शोधीत निघतात.

या डोंगरांवर कारवीची झुडपे आहेत. कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षांतून एकदा सारा उतार जांभळा-निळा करून टाकते, बी टाकते आणि वाळून जाते. नातवाचे व आजोबांचे पाऊल जुळण्याचा काळ आम्ही वर जेवढा सांगितला तेवढाच हा होय. दोघांनी मिळून तो बहर पाहावा असा योग बहुधा एकदाच येतो. ज्या वर्षी तो येईल त्या वर्षी घरातील अन्य कामे खुशाल बाजूस ठेवावीत.

सहावी पायरी : सिंहगड

पर्वतीवरून दाखविलेला गड आता गाठावयाचा. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. वर जाण्यास मोटारीचा रस्ता आहे आणि आतकरवाडीकडून पायवाटही आहे. ही दोन वाटांची सोय म्हणजे कुटुंबाच्या दृष्टीने या गडाचा मोठाच गुण. ज्यांचे पाय तयार झाले त्यांनी पहाटे आतकरवाडीहून निघावे. बेताने चढले तर दीड-दोन तास पुरतात. ज्यांस ते झेपणार नाही त्यांनी वाहनाने वर जावे व पुणे दरवाजापाशी चढून येणाऱ्यांची वाट पाहावी. घर दोन वाटांनी गेले तरी गडावर एकत्र आले म्हणजे झाले.

माघ वद्य नवमीस, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तानाजी मालुसरे येथे पडले. त्यांचे स्मारक गडावर आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे देहावसानही १७०० साली येथेच झाले. लोकमान्य टिळकांचा बंगला आहे. हे सर्व दाखवावे. परंतु कड्याच्या टोकाशी उभे राहून व्याख्यान देत बसू नये. मूल नुकतेच स्वतःच्या पायांनी वर आलेले असते आणि खाली वळून आपली वाट पाहत असते. त्या वेळी त्यास तेवढेच पाहू द्यावे. रात्रीच्या अंधारात, दोराने, शत्रूच्या तोंडावर हाच डोंगर चढून आलेल्या माणसांविषयी प्रश्न तेच आपण होऊन विचारील, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मूल ऐकते. नंतर देवटाक्याचे थंड पाणी पाहावे, आणि गडावरच्या बायांनी चुलीवर केलेले पिठले-भाकरी व मडक्यातले दही खावे. आतकरवाडीच्या वाटेने पावसाळ्यात लहान मुलांस नेऊ नये. दगड निसरडे होतात व दरडी सुटतात. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वोत्तम.

काही व्यवहाराच्या गोष्टी

आता गृहिणीविषयी दोन शब्द. ज्या सहलीसाठी घरातील बाईला पहाटे चार वाजता उठून दहा माणसांचे डबे भरावे लागतात, दिवसभर ते वाढावे लागतात आणि रात्री घरी येऊन घासावे लागतात, ती सहल इतरांची झाली, तिची नव्हे. आणि मग ‘तुम्हीच जा, मी घरी बरी’ असे ती म्हणाली तर नवल काय? यास उपाय सोपा आहे. पदार्थ कमी व कोरडे असावेत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाचे लाडू आणि चार केळी एवढ्यात घराचे भागते. हे शनिवारी रात्री सर्वांनी मिळून करावे. पुऱ्या लाटणे हे काही केवळ स्त्रियांनाच साधणारे शास्त्र नाही. आमच्या पिढीतील पुरुषांसही ते एका शनिवारात येते. परत आल्यावरची भांडी, जी मुले डब्यातील लाडू संपवितात त्यांनी घासावीत.

पाणी प्रत्येकाने आपले आपण वाहावे. पूर्वी फिरकीचा तांब्या असे. आता बाटल्या आहेत. चार वर्षांच्या मुलाच्या पाठीवरही त्याची छोटी बाटली असावी. त्यास ओझे होत नाही, प्रतिष्ठा वाटते. माकडांना खाऊ घालू नये. आज दिलेल्या पुरीमुळे ती उद्या दुसऱ्याच्या मुलाच्या हातातील पिशवी ओढतात. कड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून धूर करू नये व उग्र अत्तर लावून जाऊ नये. आणि नेलेला प्रत्येक कागद परत आणावा. आपण ज्या ओट्यावर बसून जेवलो तो उठताना स्वच्छ असावा, एवढा आचार तरी आमच्या घरांत नवा नाही.

वेगाच्या बाबतीत नियम एकच. रांगेत सर्वांत पुढे सर्वांत मंद चालणारा असावा. तो मागे राहिला की मंडळी पुढे जाऊन थांबतात, तो धापा टाकीत पोहोचतो, आणि तो पोहोचताच बाकीचे ताजेतवाने होऊन पुन्हा निघतात. ज्यास विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्यास ती कधीच मिळत नाही. त्यास पुढे घातले म्हणजे हा अन्याय आपोआप टळतो. आरंभी तरुणांस हा वेग सोसत नाही. परंतु त्या वेगाने चालताना बोलता येते, आणि घरात महिनोन् महिने राहिलेले बोलणे वाटेवर सहज होऊन जाते, असा आमचा अनुभव आहे. मुलगा बापाजवळ जे दिवाणखान्यात समोर बसून बोलू शकत नाही, ते शेजारून चालताना, दोघांची दृष्टी पुढच्या वाटेवर असताना, बोलतो.

वर सहा पायऱ्या सांगितल्या. त्या एका वर्षात चढून संपविण्याची आवश्यकता नाही. पर्वतीवर दहा वेळा गेले तरी बिघडत नाही. मात्र पहिली पायरी पुढच्या रविवारीच चढावी, आणि कोठे जावयाचे हे घरातील सर्वांत लहान व सर्वांत वडील माणसाने मिळून ठरवावे. ज्या घरात हल्ली मोटारीच्या किल्ल्या ज्याच्या हाती त्याच्याच हाती रविवार असतो, तेथे प्रथम थोडी कुरकुर होईल. ती होऊ द्यावी. नातू मोठा होईल, आजोबांचा गुडघा आणखी आखडेल, आणि एके दिवशी पर्वतीच्या पायथ्याशी आजोबा ‘तू जाऊन ये, मी इथे बसतो’ असे म्हणतील. ते होणारच आहे. तोपर्यंत १०३ पायऱ्या दोघांनी जितक्या वेळा मिळून मोजल्या असतील, तेवढेच नातवाजवळ उरेल.